खजिन्याच्या गोष्टीतला गोव्याचा पाद्री

मध्यरात्र. मार्सेय बंदरासमोरच्या बेटावरचा शातो दिफ हा तुरुंग. पहारेकरी जाड गोणपाटात शिवलेलं एक प्रेत कड्यावर आणतात, त्याच्या पायांना छत्तीस पौंडांचा तोफेचा गोळा बांधतात, झोके देतात आणि खाली समुद्रात भिरकावतात. गोणपाटात मात्र जिवंत माणूस आहे. त्याचं नाव एदमाँ दान्तेस. चौदा वर्षं कोठडीत सडलेला खलाशी. हातात सुरी. गोळा त्याला तळाकडे ओढतोय, छातीतला श्वास संपत आलाय, आणि खाली जाता जाताच तो गोणपाट चिरतो, पायाचा दोर कापतो आणि वर येतो.

अलेक्झांडर द्युमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मधली ही बुडी. चांदूर बाजारच्या शाळेत मी शिकवतो आणि वरच्या वर्गातल्या मुलांना ही गोष्ट दर वर्षी सांगतो. आमच्यापासून समुद्र शेकडो मैल दूर. इथली पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, हात बसला की पूर्णेच्या डोहात सूर मारतात. बुडी मारल्यावर कानात काय होतं, छाती कशी भरून येते, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे दान्तेस पाण्याखाली असतो तेवढा वेळ सगळा वर्गही श्वास धरून बसतो.

ते गोणपाट ज्याच्या प्रेतासाठी शिवलेलं असतं, तो आबे फारिया नावाचा म्हातारा पाद्री. शेजारच्या कोठडीतला कैदी. दान्तेसला शहाणं करणारा आणि मरण्याआधी खजिन्याचा कागद त्याच्या हातात देणारा. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मंग तो फादर खराच व्हता काय?”

होता. कादंबरीत तो इटलीचा आहे. पण ज्या माणसाचं नाव त्याला मिळालं, तो आपल्या शेजारचा होता. गोव्यातल्या बार्देशमधलं कांदोळी हे त्याचं जन्मगाव. या साहसकथेच्या पडद्यामागे जे घडलं, ते पडद्यावरच्या गोष्टीइतकंच विलक्षण आहे.

बकऱ्यांच्या शिकारीतून मिळालेलं नाव

1842 साली द्युमा फ्लॉरेन्समध्ये होता. नेपोलियनचा भाऊ जेरोम बोनापार्ट तिथे राहत असे. त्याने आपला एकोणीस वर्षांचा मुलगा द्युमाच्या हवाली केला: याला जरा हिंडवून आण. दोघे लिव्होर्नोहून लहानशा बोटीने एल्बा बेटावर गेले. जिथे नेपोलियनला आधी हद्दपार करून पाठवलं होतं, ते हे बेट. पुतण्याला ते दाखवायचं होतं. तिथून पुढे ते शिकारीसाठी पियानोसा बेटावर पोहोचले.

शिकार बेताचीच मिळाली. वाटाड्याने समुद्रातून वर आलेला एक उंच सुळका दाखवला आणि सांगितलं, खरी शिकार तिकडे आहे, रानबकऱ्यांचे कळपच्या कळप आहेत. बेटाचं नाव मॉन्टे क्रिस्टो, म्हणजे ख्रिस्ताचा डोंगर. पण एक अडचण होती. निर्जन बेटावर पाय ठेवला की परतल्यावर रोगाच्या भीतीने काही दिवस विलगीकरणात काढावे लागत. द्युमाने उतरायचा विचार सोडला, पण बोट बेटाभोवती फिरवायला सांगितली. राजपुत्राने विचारलं, कशासाठी? द्युमाचं उत्तर होतं, तुमच्याबरोबर केलेल्या या सफरीची आठवण म्हणून मी पुढे एखाद्या कादंबरीला या बेटाचं नाव देईन, तेव्हा त्याची जागा पक्की पाहून ठेवतो.

हा प्रसंग द्युमाने स्वतः लिहून ठेवला आहे. म्हणजे नाव आधी मिळालं. तेव्हा कथा नव्हती, खजिना नव्हता, पाद्रीही नव्हता.

माकेने अडवलं म्हणून

पुढच्या वर्षी प्रकाशकांनी द्युमाकडे पॅरिस शहराच्या वर्णनांची पुस्तकं मागितली. तेवढ्यात यूजेन स्यूच्या पॅरिसवरच्या रहस्यमय कादंबरीने वर्तमानपत्रांत धुमाकूळ घातला आणि प्रकाशकांचं मन बदललं. वर्णनं नकोत, तसली कादंबरीच द्या, असं ते म्हणू लागले. द्युमाकडे एक बीज होतं. जाक प्यूशे या पॅरिस पोलिसांच्या दप्तरात काम केलेल्या माणसाच्या नावावर 1838 मध्ये छापलेल्या आठवणींत फ्रांस्वा पिको नावाच्या चांभाराची हकिकत आहे. लग्न ठरलेल्या पिकोवर मित्रांनी 1807 मध्ये खोटा आळ घेतला. तो फेनेस्त्रेलच्या किल्ल्यात कैद झाला, तिथे एका इटालियन धर्मगुरूची सेवा केली, मरताना त्याने मिलानमधली संपत्ती पिकोला दिली, आणि सुटल्यावर पिकोने एकेकाचा सूड घेतला.

द्युमाने ठरवलं की कादंबरी रोममध्ये सुरू करायची. श्रीमंत, गूढ काउंट आधीच तयार असेल, जुनी हकिकत मागाहून कुणीतरी सांगेल. हा बेत त्याने आपला सहकारी ओग्यूस्त माके याला ऐकवला. माके म्हणाला की नायकाचं तारुण्य, प्रेम, दगा आणि तुरुंग हाच सगळ्यांत जिवंत भाग, आणि तोच तुम्ही गाळताय. हे सारं नंतर निवेदनात कसं सांगणार? द्युमा त्यावर विचार करत राहिला. दुसऱ्या दिवशी माके आला तेव्हा आराखडा बदलला होता: आधी मार्सेय, मग रोम, मग पॅरिस.

28 ऑगस्ट 1844 पासून ‘जूर्नाल दे देबा’ या वर्तमानपत्रात कादंबरी क्रमशः येऊ लागली आणि जानेवारी 1846 पर्यंत चालली. माकेने अडवलं नसतं तर कोठडीची प्रकरणं आज आहेत तशी लिहिलीच गेली नसती. मग ती बुडीही नाही आणि आबे फारियाही नाही. मुखपृष्ठावर मात्र एकट्या द्युमाचंच नाव आलं. पुढे माके न्यायालयात गेला. त्याला पैसे मिळाले, पुस्तकांवर नाव मिळालं नाही. म्हणून ही गोष्ट सांगताना मी माकेचं नाव आवर्जून घेतो. त्याचं तेवढं देणं आपण लागतो.

आणखी एक कैदी या पानांमागे उभा आहे. द्युमाचा बाप जनरल तोमा-अलेक्झांडर द्युमा हा आजच्या हैतीत एका गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मला आणि फ्रेंच क्रांतीच्या सैन्यात सेनापतीपदापर्यंत चढला. 1799 मध्ये इजिप्तहून परतताना त्याचं जहाज तारान्तो बंदराला लागलं आणि तो शत्रूच्या तुरुंगात पडला. दोन वर्षांनी सुटला तो खंगलेला. लेखक चार वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा बाप वारला. कोठडीचा ओलावा आणि आतल्या माणसाचं झिजणं द्युमाच्या घरातच घडून गेलं होतं.

कांदोळीचा मुलगा, राणीसमोरचं व्याख्यानपीठ

आता खऱ्या फारियाकडे येऊ. जुझे कुस्तोदियो द फारिया 1756 च्या मे महिन्यात कांदोळीला आजोळी जन्मला. वडील कायतान व्हितोरिनो कोलवाळचे. आईवडील चर्चच्या परवानगीने वेगळे झाले. वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. 1771 मध्ये बाप-लेक जहाजाने लिस्बनला गेले आणि तिथून रोमला. 1780 मध्ये जुझे पाद्री झाला.

गोव्यात घरोघरी सांगतात तो किस्सा लिस्बनजवळच्या राजवाड्यातला. राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचनाला तरुण फारिया उभा राहिला. समोर सारा दरबार. त्याची जीभ लुळी पडली. तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत सांगितलं की ही सगळी भाजी आहे, “कातर रे भाजी”. त्या शब्दांसरशी भीती उतरली आणि प्रवचन धडाक्यात झालं.

हा किस्सा ऐकून मुलं हसतात. पुढचं ऐकलं की विचारात पडतात. आपल्या माणसाच्या दोन शब्दांनी शरीर बदलतं, सुकलेला घसा मोकळा होतो, हे फारियाने स्वतःच्या अंगावर अनुभवलं, आणि पुढचं आयुष्य त्याने याच गोष्टीचा माग काढण्यात घालवलं.

1787 मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचं बंड उघडकीला आलं. गोव्याच्या पाद्रींना वरच्या जागा मिळत नाहीत हा त्यामागचा एक राग होता. बंडवाल्यांना क्रूर शिक्षा झाल्या. लिस्बनमध्ये फारिया बाप-लेकांवर संशयाची सावली पडली आणि 1788 मध्ये जुझेने पॅरिस गाठलं. वर्षभरात तिथे क्रांती पेटली.

“झोपा!”

पॅरिसमध्ये तेव्हा मेस्मरच्या विद्येची चर्चा होती. मेस्मर म्हणे, माणसाच्या अंगातून एक अदृश्य चुंबकी द्रव वाहतो आणि उपचार करणारा तो रोग्यात सोडतो. 1784 मध्ये राजाने नेमलेल्या, बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए सदस्य असलेल्या आयोगाने असा कुठलाही द्रव सापडत नसल्याचा निर्वाळा दिला होता. तरीही लोक झोपेत जात होते आणि दुखणी कमी झाल्याचं सांगत होते. हे कसं, याचं उत्तर बाकी होतं.

ऑगस्ट 1813 मध्ये फारियाने पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर जाहीर व्याख्यानं सुरू केली. उंच, सावळा, पाद्र्याचा झगा घातलेला हा माणूस खुर्चीत बसलेल्याला सांगे, डोळे मिटा, मन एका ठिकाणी आणा. मग मोठ्याने हुकूम देई, “झोपा!” काहीजण खरोखर झोपेत जात. त्यावरचं त्याचं म्हणणं त्या काळाच्या फार पुढचं होतं. माझ्या हातात काही शक्ती नाही, कुठला द्रव नाही आणि सैतानही नाही. जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. त्याची तयारी नसेल तर मी काहीही करू शकत नाही.

हे सांगायची किंमत त्याने मोजली. चुंबकवाल्यांचा द्रव त्याने नाकारला म्हणून ते नाराज झाले. ही सैतानाची करणी आहे असं काही धर्मपंडित म्हणाले. फारिया अखेरपर्यंत श्रद्धावान पाद्री राहिला आणि देवाने घडवलेल्या मनाचाच हा स्वभाव आहे, असं उत्तर देत राहिला. शातोब्रियाँ या थोर फ्रेंच लेखकानेही पुढे आपल्या आठवणींत त्याची टर उडवली: मेजवानीत पाद्रीबुवा मंत्रशक्तीने पिंजऱ्यातला पक्षी मारायला निघाले आणि पक्षीच त्यांना भारी पडला. 1816 मध्ये नाट्यगृहात त्याच्यावर प्रहसन आलं. लोकांनी त्याला हसून हसून व्याख्यानांतून उठवलं. 20 सप्टेंबर 1819 रोजी तो पॅरिसमध्येच वारला. झोपेच्या कारणांवरचं त्याचं पुस्तक त्याच वर्षी आलं, आणि त्याच्या कबरीवर नावाची खूणही राहिली नाही.

पुढे काळ फिरला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांनी सूचनेवर आधारलेली संमोहनाची पद्धत उभारली आणि तिचा पूर्वसूरी म्हणून फारियाकडे बोट दाखवलं. 1906 मध्ये डॉ. दाल्गादो या गोमंतकीयाने त्याचं चरित्र लिहिलं. पुढे वैद्यकाचं नोबेल मिळवणाऱ्या एगास मोनिझ या पोर्तुगीज डॉक्टरने 1925 मध्ये त्याच्यावर ग्रंथ लिहिला. 1945 मध्ये गोव्याचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्याचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा राहिला: हात पसरलेला फारिया आणि त्याच्यासमोर मागे झुकत जाणारी स्त्री. गोव्याला सहल जाईल तेव्हा मुलांनी किनाऱ्याआधी हा पुतळा पाहावा, असं मला वाटतं.

कोठडीतली शाळा

द्युमाने या माणसाचं नाव घेतलं, मुलूख बदलला, विद्या बदलली. कादंबरीतला फारिया कार्डिनल स्पाडाच्या घराण्याचा चिटणीस आहे. तो सरकारला दर वर्षी वाढत्या रकमेचं आमिष दाखवतो, म्हणून पहारेकरी त्याला वेडा समजतात. तो माशाच्या हाडांच्या लेखण्या आणि काजळीची शाई करतो, सदऱ्यांच्या कापडावर ग्रंथ लिहितो. सुटण्यासाठी भुयार खणतो, हिशेब चुकतो आणि दान्तेसच्या कोठडीत निघतो.

यानंतर काय येतं, ते मी वर्गात सावकाश सांगतो. खजिना लगेच मिळत नाही. आधी गणित, इतिहास, भाषा. अडाणी खलाशी पाद्र्याकडून शिकतो. आपल्याला कोणी फसवलं हे पाद्री त्याला तर्काने उलगडून दाखवतो आणि तेव्हाच खंतावतो, कारण या मुलाच्या मनात आपण सुडाचं बी टाकलं हे त्याला कळतं. पुढे पळायची वेळ येते आणि पाद्र्याचं अर्धं अंग लुळं पडतं. तो म्हणतो, तू जा. दान्तेस ख्रिस्ताची शपथ घेऊन सांगतो की तुम्ही जिवंत असेपर्यंत मी हलणार नाही. त्यानंतरच पाद्री अर्धा जळालेला कागद बाहेर काढतो. द्युमाने घातलेला हा क्रम मला फार मोलाचा वाटतो: विद्या, निष्ठा आणि मग धन.

धन मिळाल्यावरही कादंबरी थांबत नाही. दान्तेस स्वतःला देवाच्या न्यायाचा हात समजून एकेका शत्रूला गाठतो. पण त्याच्या सुडाच्या फेऱ्यात एक निरपराध मूल मरतं, तेव्हा तो हादरतो. देवाचं काम आपण आपल्या हातात घेतलं, ही जाणीव त्याला शेवटच्या शत्रूला क्षमा करायला लावते. खजिन्याच्या या कथेचा ख्रिस्ती गाभा तिथे आहे. पाद्र्याला कोठडीत जी भीती वाटली होती, ती खरी ठरते आणि त्याचा शिष्य फार उशिरा ती ओळखतो.

द्युमाच्या स्वतःच्या धनाचं काय झालं? कादंबरीच्या यशावर त्याने पॅरिसजवळ मॉन्टे क्रिस्टो नावाचा वाडा बांधला. त्याच्या आवारात लिहिण्यासाठी छोटी इमारत उभारली, तिचं नाव शातो दिफ. काही वर्षांतच कर्जापायी वाडा विकावा लागला. आज द्युमाची ओळख आहे ती पुस्तकांमुळे.

बेटावर आणि बेटाबाहेर

मॉन्टे क्रिस्टो बेटावर पूर्वी संत मामिलियानोच्या नावाचा मठ होता. तिथल्या साधूंचा खजिना पुरलेला आहे ही दंतकथा द्युमाच्याही आधीची. 1971 पासून बेट निसर्गासाठी राखीव आहे आणि तिथे जायला मोजक्याच लोकांना परवानगी मिळते. पण 2004 मध्ये गंमत झाली. इटलीतल्याच तोस्काना प्रांतात, सोव्हाना गावातल्या संत मामिलियानोच्या जुन्या चर्चखाली पुरातत्त्वज्ञांना मडक्यात पुरलेली पाचव्या शतकातली 498 सोन्याची नाणी मिळाली. संत तोच, जागा दुसरी. नाणी शोधायला अंगारा, बळी, मंत्र काही लागलं नाही. शिस्तीने केलेलं उत्खनन लागलं. आज ती संग्रहालयात सगळ्यांना बघता येतात.

आमच्याकडचं धन

हे सगळं मी चांदूर बाजारला का सांगतो, याला कारण आहे. आमच्या शेजारचं अचलपूर ही कधीकाळी वऱ्हाडची राजधानी होती. सातपुड्यात गाविलगड आहे, गावोगावी पडक्या गढ्या आहेत. त्यामुळे पुरलेल्या धनाच्या गोष्टी इथे मातीतच आहेत. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, डोळ्यांत अंजन घातलं की हंडा दिसतो, त्यावर नाग बसलेला असतो, तो बळी मागतो. या समजुतींवर मांत्रिक जगतात आणि कर्जबाजारी शेतकऱ्याचं उरलंसुरलंही घेऊन जातात. कधी गोष्ट लेकराच्या जिवावर येते. म्हणूनच महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाने होणाऱ्या अघोरी प्रकारांना शिक्षा आहे. जमिनीत खरंच काही सापडलं तर त्यासाठी 1878 पासून निखात निधीचा कायदा आहे: दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं.

कायदा मुलांच्या लक्षात राहत नाही. गोष्ट राहते. मांत्रिक म्हणतो, शक्ती माझ्यात आहे, तू डोळे मिटून पैसे दे. दोनशे वर्षांपूर्वी आबे फारियाला नेमकं असंच म्हणून पॅरिसमध्ये श्रीमंत होता आलं असतं. गर्दी जमलेली होती, लोक झोपेत जात होते, त्याला फक्त गप्प राहायचं होतं. तो गप्प राहिला नाही. माझ्यात काही नाही, जे आहे ते तुमच्यात आहे, असं भर सभेत सांगून त्याने आपली गर्दी घालवली. त्याच्या प्रामाणिकपणाची मोठी परीक्षा तीच होती, आणि तो त्यात उतरला.

विदर्भात श्याम मानव गेली कित्येक वर्षं एका बाजूने बुवाबाजीशी लढतात आणि दुसऱ्या बाजूने स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेतात, तेव्हा ही दोन कामं किती जवळची आहेत ते दिसतं. मनाची ताकद ज्याला कळली, त्याला अंगाऱ्याची भीती राहत नाही.

मुलांना साहसकथा द्यायलाच हव्यात, खजिन्याच्या तर नक्कीच. खणण्याची आणि बुडी मारण्याची ओढ या वयात असतेच, ती दाबून काही साधत नाही. ती ओढ अशा गोष्टीकडे वळवावी जिथे खजिन्याआधी गुरू भेटतो आणि तो आधी शिकवायला बसतो. मांत्रिकाने घरी येऊन हंडा दाखवायची बोली केली, तर आमच्या पोराने त्याला फारियाचा प्रश्न विचारावा: ताकद तुझ्यात आहे म्हणतोस, मग माझे डोळे मिटल्याशिवाय ती चालत का नाही? एवढं विचारायचं धाडस एका जरी पोरात आलं, तरी कांदोळीच्या त्या पाद्र्याचा वारसा चांदूर बाजारला पोहोचला असं मी समजेन.